खैराची साक्ष

भूगोलाच्या तासाला भिंतीवर पृथ्वीचा नकाशा टांगला की मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो : बारा महिने बर्फ कुठे असते? बोटे भराभर वर जातात. कोणी उत्तर ध्रुव दाखवतो, कोणी हिमालय. एखादा धिटाईने अंटार्क्टिकाचे नाव घेतो. मग मी हातातली पट्टी दक्षिण अमेरिकेत पेरू देशावर टेकवतो. ज्या देशाच्या डोंगरांतून बटाटा निघाला आणि जगभर फिरत आपल्या उपासाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला, तो हा देश. तिथे अँडीज पर्वतात केल्काया नावाचे एक हिमाच्छादित पठार आहे. आपले पालघर विषुववृत्ताच्या उत्तरेस वीस अंशांच्या किंचित आत. केल्काया दक्षिणेस अवघ्या चौदा अंशांवर. म्हणजे विषुववृत्ताला ते आपल्यापेक्षा जवळ! तरी तिथे बर्फ टिकते, याचे कारण उंची. तीन कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी केल्कायाचा माथा त्यांच्याही वर सातशे मीटर उरेल.

अशा उष्ण कटिबंधातल्या हिमनद्या जगात फार थोड्या. बहुतेक अँडीजमध्ये आणि त्यांतल्याही पुष्कळशा एकट्या पेरूत. आफ्रिकेत किलिमांजारो, केनिया आणि रुवेंझोरी या पर्वतांवर थोड्या, न्यू गिनी बेटावर नावापुरत्या. आपला हिमालय यांत धरत नाहीत, तो बराच उत्तरेला. या हिमनद्या पूर्वी केव्हा वाढल्या, केव्हा आटल्या, याची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. ती बखर सापडली ती बर्फाच्या काठाशी, मूठभर वाळक्या झाडोऱ्यात.

पण पेरूला जाण्याआधी आपल्याला मुंबईच्या गोदीत उतरले पाहिजे. वाळक्या झाडाची साक्ष कशी काढावी, याचा एक उत्तम धडा आपल्या दाराशीच, दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

११ नोव्हेंबर १८७५ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर एका नव्या गोदीचा पाया घातला गेला. हीच पुढे प्रिन्सेस डॉक म्हणून ओळखली गेली. १ जानेवारी १८८० रोजी ती जहाजांना खुली झाली. सुमारे तीस एकरांचा खड्डा! आज यंत्रे जे काम करतात ते तेव्हा माणसांच्या हातांनी झाले. कुदळी, फावडी, घमेली, आणि ओळीने चालणारी हजारो पावले. वरची भर उपसली, तिच्याखाली चिकट निळसर माती लागली. खाडीकाठच्या माणसाला ही माती सांगायला नको. सातपाटीला किंवा मुरब्याला ओहोटीच्या वेळी जिच्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तिचीच ती बहीण. तीही उपसली, आणि तळाशी, ओहोटीच्या पाण्याच्याही खाली, कुदळींना लाकूड लागू लागले.

एखाददुसरा ओंडका असता तर कोणी त्याकडे वळूनही पाहिले नसते. फुटक्या गलबताची फळी म्हणून ते लाकूड चुलीत गेले असते. पण खड्डा जसजसा मोठा होत गेला तसतशी झाडे वाढत गेली. आणि इथे एका माणसाने, माझ्या मते, त्या साऱ्या गोदीच्या बांधकामाइतकेच मोलाचे काम केले. ऑर्मिस्टन नावाच्या अभियंत्याने ती झाडे मोजली. नुसती मोजली नाहीत, तर उभी किती आणि आडवी किती, हे वेगवेगळे मोजले. एकूण झाडे ३८२. त्यांतली २२३ उभी, १५९ पडलेली. १८७८ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्याचे छोटेसे टिपण छापून आले.

उभी आणि आडवी हा भेद वाचकांना क्षुल्लक वाटेल. पण सारी मेख तिथेच आहे. आडवे झाड काहीही सांगत नाही. ते वैतरणेच्या पुरात वाहून आले असेल, लाटांनी फेकले असेल, कोणी तोडून टाकले असेल. न्यायालयात ऐकीव गोष्टीला जितकी किंमत, तितकीच त्याला. उभ्या झाडाची गोष्ट निराळी. त्याची मुळे खालच्या जमिनीत धरलेली आहेत. म्हणजे ते तिथेच रुजले, तिथेच वाढले, तिथेच मेले. जनावर पाणी चढू लागले की पळते, माणूस बोचके घेऊन निघतो. झाडाला पाय नाहीत. ज्या जागी ते उभे सापडले त्या जागी एके काळी कोरडी जमीन होती, हे विधान जगातला कोणताही वकील उलटवू शकत नाही.

तरीही एक शंका उरते. आपल्याकडे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडेही आहेतच की! तिवर आहे, कांदळ आहे. दांडी-नवापूरच्या खाडीत भरतीला गळ्यापर्यंत पाण्यात बुडणारी आणि ओहोटीला चिखलातून श्वासमुळे वर काढून बसणारी तिवरे रोज दिसतात. गोदीतली झाडे तिवरांची निघाली असती तर समुद्राची पातळी थोडीफार सरकली, एवढेच म्हणता आले असते. पण त्यांचे लाकूड ओळखणाऱ्यांनी ओळखले, आणि ते निघाले खैराचे.

खैर! जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, विक्रमगडच्या माळावर वाढणारा, काटेरी, कोरड्या जमिनीचा खैर. दिवाळीच्या जेवणानंतर आपण विडा लावतो त्याला रंग चढवणारा काथ याच झाडाच्या गाभ्याचा. खैराचे तुकडे उकळून काथ पाडणारे ते काथोडी किंवा कातकरी. एका अख्ख्या जमातीला या झाडाने नाव दिले. या खैराला खारे पाणी मुळीच सोसत नाही. आमच्याकडचा कुठलाही आदिवासी मुलगा सांगेल की खाजणात खैर शोधायला जाणारा माणूस वेडा. तेव्हा आज जिथे समुद्राच्या पाण्याखाली चिखल आहे तिथे एके काळी खैराचे रान होते, पाखरे होती, कदाचित काट्यांतून वाट काढणारी माणसेही होती. पुढे अलेक्झांड्रा डॉक खणताना (ही गोदी १९१४ साली पुरी झाली, आता तिला इंदिरा डॉक म्हणतात) बुडालेल्या रानाचा आणखी भाग उजेडात आला.

हे रान बुडाले कसे? त्या काळच्या पंडितांनी याचे उत्तर दिले की जमीन खचली. मुंबई बेटाच्या पश्चिम अंगाला भरतीच्या रेषेच्या वर शिंपल्यांचे दगडासारखे घट्ट झालेले थर आहेत, पूर्वेला झाडे पाण्याखाली आहेत. तेव्हा बेट एका बाजूने उचलले आणि दुसऱ्या बाजूने बसले, असा त्यांचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. पाणी कुठे चढते-उतरते हे डोळ्यांना दिसत असले तरी सारा समुद्रच्या समुद्र वर येतो ही कल्पना पचायला जड होती. जमिनीच्या हालचालीचा भाग यात किती, याचा विचार आजचे शास्त्रज्ञही करतात. पण या गोष्टीतला मोठा वाटेकरी त्या वेळी नजरेआड राहिला होता. तो म्हणजे बर्फ.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि युरोप यांच्या मोठ्या भागावर बर्फाचे प्रचंड थर बसलेले होते. ते पाणी आले कुठून? समुद्रातून. त्यामुळे साऱ्या जगातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आपल्या समोरचा समुद्र तर फारच उथळ. मुंबई-दमणच्या पुढे उथळ तळ सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. १९७४ साली जिथे तेल लागले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, पण पाणी तिथे जेमतेम ७५ मीटर. तुम्हीच हिशेब करा. त्या हिमयुगात आमच्या तारापूरच्या किल्ल्याच्या जागी उभे राहून कोणी पश्चिमेला पाहिले असते तर त्याला समुद्र दिसला नसता. मुंबई हायपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पायी जाता आले असते. मग बर्फ वितळू लागले आणि पाणी हजारो वर्षे वर वर येत राहिले. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी (ही संस्था १९६६ सालची) आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळातून नमुने काढून पाण्याच्या या चढाईचा माग लावला आहे. कांदळवनाची लाकडे आणि किनाऱ्यालगतच राहणाऱ्या जीवांची कवचे आज जितक्या खोलीवर सापडतात, तितक्या खोलीवर त्यांच्या काळी किनारा होता. युक्ती ऑर्मिस्टनचीच, फक्त पाणी अधिक खोल.

इथे थोडे वाकड्या वाटेने जाण्याची परवानगी असावी. विल्यम ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने मेडलिकॉट यांच्याबरोबर १८७९ साली भारताच्या भूगर्भशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध केला. याच ब्लॅनफर्डने तरुणपणी, १८५६ साली, भावाबरोबर ओरिसात तालचेरच्या कोळशाच्या मुलखात फिरताना गोटेच गोटे भरलेला एक विलक्षण थर पाहिला आणि हे काम बर्फाचे आहे असे म्हणण्याचे धाडस केले. ओरिसाच्या उन्हात बर्फ! तसलाच थर पुढे आपल्या चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी सापडला. तिथल्या खडकावर बर्फाने गोटे घासत नेल्याचे ओरखडे आहेत. हे प्रकरण कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. त्या बर्फानंतर जे रान माजले त्यातली ग्लॉसॉप्टेरिस नावाची जिभेसारखी पाने नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केली होती. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा म्हणजे त्याच रानाची राख न झालेली लाकडे. असो. सांगायचे एवढेच की बर्फ गेले तरी झाडोरा मागे राहतो आणि तोच बोलतो.

गोदीतल्या झाडांना एकच प्रश्न विचारता आला नाही : तुम्ही केव्हाची? १८७८ साली त्याला घड्याळच नव्हते. ते मिळाले १९४९ साली, शिकागोच्या विलर्ड लिबी यांच्या प्रयोगशाळेत. आमच्या बोईसर-तारापूरच्या वाचकांना किरणोत्सर्ग हा शब्द नवा नाही. १९६९ सालापासून अणुवीज केंद्र आमच्या शेजारी नांदते आहे. पण किरणोत्सर्गी पदार्थ फक्त केंद्राच्या भिंतीआड असतो असे समजू नका. हवेतल्या कार्बनात त्याचा एक किरणोत्सर्गी भाऊ अगदी लेशमात्र मिसळलेला असतो, त्याला कार्बन-१४ म्हणतात. झाड जिवंत असेपर्यंत हवेबरोबर तो घेत राहते. मेले की आवक बंद. आणि साठलेला कार्बन-१४ हळूहळू विरू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत अर्धा उरतो, तेवढ्याच काळाने पुन्हा त्याचा अर्धा. घरात नवरा गेल्यावर साठवलेल्या धान्याची कणगी किती उतरली हे पाहून किती महिने लोटले ते सांगावे, तसा हा प्रकार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात अशी कालमापनाची प्रयोगशाळा चालू झाली, आणि हडप्पा संस्कृतीच्या कोळशाला तिने वये दिली. लिबींना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पेरूला जायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन केल्कायावर पहिल्यांदा गेले ते १९७४ साली. उष्ण कटिबंधातल्या बर्फात काय इतिहास असणार, तो तर वितळून वाहून गेलेला, असे तेव्हा अनेकांना वाटत असे. थॉम्पसन यांचा तसा ग्रह नव्हता. बर्फाला भोक पाडून लांब दंडगोल बाहेर काढायचे आणि त्यातले वर्षावर्षाचे थर मोजायचे, ही त्यांची योजना. हेलिकॉप्टरने अवजड यंत्र वर नेण्याचा प्रयत्न झाला, पण तिथल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरचे चालेना. तेव्हा घोड्यांच्या आणि माणसांच्या पाठीवरून सामान नेऊन, सूर्याच्या उष्णतेवर वीज करून, १९८३ साली त्यांनी दीडशे मीटरांहून खोल भोके पाडली. पंधराशे वर्षांचा पावसापाण्याचा जमाखर्च हाती आला. ही चिकाटी मला फार आवडते. नाही म्हणणाऱ्या निसर्गाला त्यांनी दुसरी वाट विचारली.

पण आपल्या गोष्टीतला प्रसंग २००२ सालचा. बर्फाची कड दर वर्षी मागे हटत चाललीच होती. नुकत्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर थॉम्पसन यांना झाडोऱ्याची एक गादी दिसली. डिस्टिकिया नावाची ही वनस्पती लव्हाळ्याच्या जवळच्या कुळातली, उंच डोंगरांवरल्या ओलसर जागी जमिनीला घट्ट चिकटून उशीसारखी वाढते. तिची मुळे जिथल्या तिथे होती, आणि अंग कुजलेले नव्हते. दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत वय काढले. सुमारे ५,२०० वर्षे!

गोदीतल्या खैराचे तर्कशास्त्र इथे जसेच्या तसे लावा. मुळे जागेवर, म्हणजे वनस्पती वाहून आलेली नाही. ५,२०० वर्षांपूर्वी त्या जागी बर्फ नव्हते, मोकळे आभाळ होते. मऊ अंग शाबूत, म्हणजे बर्फ आले ते तिला झाकूनच टाकणारे आले, आणि मधल्या साऱ्या काळात एकदाही तिच्यावरून हटले नाही. हटले असते तर काही वर्षांच्या उन्हावाऱ्याने तिचा भुगा झाला असता. एका चिमूटभर गवताने पाच हजार वर्षांचा पहारा सिद्ध केला. मौज अशी की १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फाखालून जो जुन्या काळचा माणूस निघाला, तोही जवळजवळ याच वयाचा.

पुढच्या वर्षांत बर्फ आणखी मागे गेले आणि आतल्या बाजूला आणखी गाद्या उघड्या पडल्या. त्यांतल्या काही ६,३०० वर्षांच्या निघाल्या. आता दोन खुणा हाती आल्या : बाहेरच्या अंगाला सुमारे ४,७०० वर्षांपूर्वी गाडली गेलेली झुडपे, आतल्या अंगाला ६,३०० वर्षांपूर्वीची. म्हणजे बर्फाला आतून बाहेर तेवढे अंतर पसरायला निदान सोळाशे वर्षे लागली. आणि तेवढेच अंतर ते मागे हटले पंचवीस वर्षांत. २०१३ साली हा हिशेब प्रसिद्ध झाला. तो वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ काही सुचले नाही. उतारावरून दगड चढवायला पिढ्या लागाव्यात आणि तो एका मुलाच्या शाळा-कॉलेजच्या वयात गडगडत खाली यावा!

उष्ण कटिबंधातल्या या हिमनद्या सगळ्या मिळून इतक्या लहान की त्या सबंध वितळल्या तरी समुद्र त्यांच्यामुळे फारसा चढायचा नाही. समुद्राचा खरा हिशेब ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या हाती आहे. पण हिवाळा-उन्हाळा असा मोठा फरक नसल्याने या हिमनद्यांच्या कडा बारा महिने वितळत असतात. जरा उष्मा वाढला की पहिल्या त्याच कुरकुरतात. व्हेनेझुएला देशातली शेवटची हिमनदी इतकी आक्रसली की २०२४ साली तिला हिमनदी म्हणणेच शास्त्रज्ञांनी सोडले. घरात दूध उतू जाणार हे भांड्याच्या काठावरच्या पहिल्या बुडबुड्यावरून कळते, तशी ही चिन्हे.

आणि समुद्र? ज्या वर्षी ऑर्मिस्टनचे टिपण छापून आले त्याच १८७८ सालापासून मुंबईला अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदी सुरू होतात. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी या. पाण्याची सरासरी पातळी चढतेच आहे, हे त्या सांगतात. सातपाटीला धूप थांबवण्यासाठी बंधारा आहे. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी त्यावरून पाणी कसे येते हे तिथल्या बायाबापड्यांना कोणत्याही यंत्रावाचून ठाऊक आहे.

झाडांच्या अशा साक्षी नोंदवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात स्थापिलेली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी, जी आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, ती कोकणच्या चिखलातले जुने परागकण आणि लाकडे तपासत आली आहे. लखनौला बिरबल साहनी यांची संस्था आहे. तिच्या कोनशिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत. १९४९च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी ती कोनशिला बसवली आणि आठवड्याभरात साहनी गेले. माणसे, संस्था, घड्याळ, सारे आहे. प्रश्न एवढाच की साक्षीदार ज्या दिवशी उजेडात येतो त्या दिवशी कोणी तिथे हजर असते की नाही. कारण तो फार दिवस थांबत नाही. बर्फातून निघालेली गादी दोन-चार वर्षांत उडून जाते. गोदीतली झाडे खणणाऱ्यांनी काढली त्याच आठवड्यात संपली असती. राहिले ते मोजणाऱ्याचे आकडे. खुद्द ती प्रिन्सेस डॉकसुद्धा आता भर घालून बुजवली गेली आहे.

आमच्या जिल्ह्यात आता त्या गोदीहून कितीतरी मोठे काम निघाले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. डहाणू तालुक्यातल्या वाढवणसमोर समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे, खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर. बंदर व्हावे की न व्हावे यावर मच्छीमारांचे आणि सरकारचे जुने भांडण आहे. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांचे म्हणणे आधी ऐकावे असे मला वाटते. पण तो या लेखाचा विषय नव्हे. माझा विषय भरावाची वाळू. ती दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची आहे. वर सांगितलेला हिशेब आठवा. तो तळ म्हणजे हिमयुगातली कोरडी जमीन. तिथे काय रान होते, खैर होता की साग, तिवरांची वाडी कितव्या पुरुषाच्या खोलीवर थांबली होती, हे अजून कोणी उकरून पाहिलेले नाही, आणि आता एकदाच उकरले जाईल.

ऑर्मिस्टनच्या वेळी खणणारा हात माणसाचा होता. कुदळ लाकडाला लागली की मजूर थांबे, मुकादमाला हाक मारी, आणि झाड उभे आहे तोवर साहेब येऊन पाही. आता समुद्राच्या तळाशी सोंड लावून यंत्र वाळू ओढते आणि ती पाण्याबरोबर गलबताच्या पोटात ओतते. त्या सोंडेच्या दुसऱ्या टोकाशी एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला चाळणी आणि वही देऊन बसवायला त्या सगळ्या कोटींत फार मोठी भर पडणार नाही. लाकडाचा तुकडा मिळाला तर त्याचे झाड ओळखता येईल, वयही निघेल. फक्त ते उभे होते की आडवे, हे सोंडेतून वर आल्यावर कळणार नाही; त्यासाठी सोंड लावण्यापूर्वी तळाशी जाऊन पाहावे लागेल.